सिक्केवाल्या अप्पांचे दोन ठोके

"भिंतीच्या ठोक्यावर भरवसा ठेवू नको गं पोरी. दिवसातनं एकदा जाऊन बघून येत जा त्यांना."

सिद्धम्मा हे म्हणाल्या तेव्हा पूर्णिमा हसली होती.

"ठोका पडतोय म्हणजे माणूस आहे की, अम्मा."

त्या हसण्याची तिला आज लाज वाटते.

पुढचं सगळं खरं आहे. पूर्णिमा माझी मावसबहीण. हे सांगताना तिनं लेकीला मांडीवर इतकं घट्ट धरलं होतं की पोर कुरकुरायला लागली. ज्यांना पटणार नाही त्यांनी मधलं सोडून द्या. शेवटची विनंती मात्र वाचा.

गाव कमलनगर. मागच्या वर्षीचा चैत्र. वार मंगळवार.

आणि वेळ रात्रीची नाही... दुपारी साडेतीनची.

बसस्टँडच्या मागं एका ओळीत पाच घरं होती. पहिल्यात घरमालकीण सिद्धम्मा. चौथ्यात पूर्णिमा आणि तिची दोन वर्षांची गुड्डी. नवरा विजयेंद्र बिदरला नोकरीला, सकाळी सातला जाणार, रात्री आठला येणार. आणि शेवटच्या घरात अमृतप्पा. एकटेच. बायको जाऊन नऊ वर्षं झालेली, मूलबाळ नाही.

अमृतप्पा म्हटलं तर कुणी ओळखणार नाही. सिक्केवाले अप्पा म्हटलं की औरादपासून हुमनाबादपर्यंत लोक घर दाखवायचे.

चौतीस वर्षं ते बसमध्ये कंडक्टर होते. प्रवासी सुट्ट्या पैशांत एखादं निजामाच्या काळचं नाणं खपवायचे. दुसरा कंडक्टर भांडला असता. अप्पा खिशातला रुपया घालायचे आणि ते नाणं कागदात गुंडाळून घरी आणायचे. तिथून नाद लागला. मग कुणाच्या नांगराला, कुणाच्या विहिरीत जुना पैसा सापडला की माणूस थेट अप्पांच्या दारात. अप्पा तो उजेडाला तिरका धरायचे आणि झिजलेली फारसी अक्षरं वाचून दाखवायचे. ती अक्षरं त्यांना बसमधल्याच एका मौलवींनी शिकवली होती. रोज भालकी येईपर्यंत एक अक्षर.

कडगंचीच्या विद्यापीठातली पोरं वह्या घेऊन त्यांच्यापुढं मांडी घालून बसायची.

अप्पांनी नाणं कधी विकलं नाही. प्रत्येकाची वेगळी पुडी. पुडीवर राजाचं नाव खाली, बारीक अक्षरात. वर मोठ्या अक्षरात, ज्याला ते सापडलं त्याचं नाव आणि शेताचं नाव.

"राजा मरून गेला, पोरी. ज्याच्या हाताला लागलं त्याचं नाणं. मी निस्ता सांभाळायलोय."

पूर्णिमाला मात्र त्या नाण्यांची भीती वाटायची. गुड्डी दिसेल ते तोंडात घालायची. अप्पांच्या ते न सांगता ध्यानात आलं. तेव्हापासून ते दारात आले की आधी सदऱ्याचे दोन्ही खिसे उलटे करून दाखवायचे, मगच पोरीला उचलायचे.

"भितीस ते बरं हाय. आईनं भ्यावंच," म्हणायचे.

त्या हिवाळ्यात अप्पांना दोनदा चक्कर आली. मग त्यांनीच ही रीत काढली.

दोन्ही घरांमध्ये एकच विटेची भिंत. बसमध्ये ते खांबावर नाणं आपटून ड्रायव्हरला इशारा द्यायचे, तसंच.

"दुपारी झोपून उठलो की ठोका देतो. दोन पडले म्हणजे चल. मी बरा हाय, तुझं काम चालू दे. एकच पडला तर थांब. हातातलं टाक नि ये."

"आणि पडलाच नाही तर?"

"मग सावकाश ये. घाई कामून करतीस मग?"

पूर्णिमा चिडली. अप्पा खोकला येईपर्यंत हसत राहिले.

ठोक्यासाठी त्यांनी एक जाड तांब्याचं नाणं ठेवलं होतं. बसमध्ये मिळालेलं पहिलं.

टक... टक.

रोज साडेतीनला. छातीच्या उंचीवर. ती लाटण्यानं दोनदा उत्तर द्यायची. मग पलीकडं स्टोव्ह पेटल्याचा आवाज यायचा. अप्पांचा चहा.

चार महिने असं चाललं.

मग तो मंगळवार.

गुड्डीला आदल्या रात्रीपासून ताप होता. एकशे तीन. पोर किंचाळत होती. पूर्णिमा कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होती. विजयेंद्रचा फोन लागत नव्हता. सिद्धम्मा लग्नाला उदगीरला गेलेल्या. लाइट गेलेली.

साडेतीन वाजले.

टक...

तिनं वर बघितलं.

पुढं काही नाही.

पोरीनं उलटी केली. पूर्णिमानं तिला उचललं, पुसलं, कपडे बदलले. दुसराही पडला असेल, तिनं मनाशी म्हटलं. रडण्यात ऐकू आला नसेल.

ती उठली नाही.

बुधवारी साडेतीनला ती कान देऊन बसली होती.

टक... टक.

दोन. अगदी स्पष्ट. तिचा जीव भांड्यात पडला. तिनं लाटणं वाजवलं.

पण स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला नाही...

आणि आणखी एक गोष्ट. ठोके खालून आले होते. जमिनीच्या जवळून. गुड्डीचं अंथरूण भिंतीला लागून होतं. ठोके पडले तशी पोर रडायची थांबली. हात लांब करून तिनं तळवा भिंतीला लावला. बरोबर त्याच जागी.

"अप्पा," ती म्हणाली.

संध्याकाळपर्यंत तिचा ताप उतरला.

गुरुवारी सव्वातीनला दारात एक शेतकरी उभा. गुरप्पा. पाइपलाइनची चारी खणताना त्याला नाणं सापडलं होतं. रुमालात बांधून आणलेलं.

"अक्का, अप्पा दार उघडनात."

"झोपले असतील. साडेतीनला उठतात. बसा की."

तो उंबऱ्यावर बसला. तिनं पाणी दिलं. आपलं नाणं अकबराच्याबी आधीचं असणार, असं तो सांगत होता.

"कशावरून?"

"लई खोल होतं की."

टक... टक.

खालूनच.

"बघा, उठले," पूर्णिमा म्हणाली.

गुरप्पा हसत गेला. तिला त्याच्या हाका ऐकू येत होत्या. अप्पा... ओ अप्पा... मग हाका थांबल्या. परत आला तेव्हा रुमाल नाकाला होता.

"अक्का, पोरीला घरात ठेवा. फटीतनं वास यायलाय."

दार तोडावं लागलं.

अप्पा भिंतीच्या पायाशी कुशीवर पडले होते. उजवा हात भिंतीला टेकलेला. मूठ घट्ट मिटलेली.

डॉक्टर म्हणाले, दोन दिवस होऊन गेले. मंगळवारी दुपारचंच असावं.

"आत्ता वाजलं की," गुरप्पा म्हणाला. "मी ऐकलो. अक्काबी ऐकल्या."

डॉक्टरांनी दोघांकडं बघितलं. मग खाली मान घालून कागद लिहीत राहिले.

लिंगायतांच्या रुद्रभूमीत अप्पांना बसवून माती दिली. डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवलं. उजवी मूठ काही केल्या उघडेना. तेव्हा दुबलगुंडीहून आलेले श्रीपतराव पुढं झाले. अठरा वर्षं अप्पांच्या गाडीचे ड्रायव्हर.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "ड्यूटीवरचं सामान हाय त्याचं."

अकराव्या दिवशी गल्लीत मांडव घातला. आमदार नाही, भाषण नाही. पण माणसं मावेनात. श्रीपतराव एकेक पुडी उचलायचे, वरचं नाव वाचायचे. तो माणूस, नाहीतर त्याचा मुलगा, उठून घ्यायचा आणि अप्पांनी आपल्याला काय सांगितलं होतं ते सांगायचा. एका म्हातारीनं पुडी उघडलीच नाही, नुसती कपाळाला लावली. तिच्या नवऱ्याचं नाव होतं त्यावर. अप्पांच्या अक्षरात.

गुरप्पा मागं उभा होता. रुमाल अजून बांधलेलाच.

"माझं वाचायचंच ऱ्हायलं," एवढंच म्हणाला.

माणसं पांगल्यावर श्रीपतराव पूर्णिमाच्या घरी चहाला टेकले. पाठ त्याच भिंतीला. पलीकडच्या दाराला सिद्धम्मांनी नवीन कुलूप घातलेलं. पूर्णिमानं कुणालाच न सांगितलेलं त्यांना सांगितलं. सगळं.

त्यांनी ऐकून घेतलं. बशी खाली ठेवली.

"मंगळवारी किती पडले?"

"एक."

"नक्की?"

"एकच, काका. मी ऐकला होता."



"एकावर थांबत असतेत, पोरी," ते हळूच म्हणाले. रागानं नाही. नव्या ड्रायव्हरला समजावून सांगावं तसं. "मी अठरा वर्षांत एकदाबी चुकलो न्हाई. म्हणून तर तो माझ्या गाडीत बिनघोर डुलक्या काढायचा."

पूर्णिमानं तोंडात पदर कोंबला.

तेवढ्यात...

टक... टक.

श्रीपतरावांचा डावा पाय आपोआप फरशीवर दाबला गेला. डावा हात हवेत गिअरकडं गेला. आणि तिथंच राहिला. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"चल म्हणायलाय," ते म्हणाले.

"कुणाला, काका? मला? का तुम्हाला?"



मे महिन्यात विजयेंद्रनं बिदरला घर घेतलं. चारी बाजूंनी मोकळं. एकही भिंत दुसऱ्याची नाही. पण साडेतीन वाजले की पूर्णिमा हातातलं काम टाकते. अप्पांनी तिला माफ केलं, म्हणून दोन ठोके दिले? की उठून येण्याची वाट बघून शेवटी चल म्हणाले? तिला अजून कळलेलं नाही. मलाही.

ठोक्याला न उठण्याची चूक तिला पुन्हा करायची नव्हती. म्हणून ती रोज दुपारी श्रीपतरावांना फोन करते. तेही एकटेच राहतात. वर्षभर एक दिवस चुकला नाही. ते गुडघ्याला शिव्या द्यायचे, जुन्या गाडीच्या गोष्टी सांगायचे, आणि फोन ठेवण्याआधी गुड्डीशी बोलल्याशिवाय सोडायचे नाहीत.

गेल्या शनिवारपासून ते पहिल्याच रिंगला फोन उचलतात.

"जेवलो. बरा हाय. ठेव आता."

आणि बंद.

शनिवारी. रविवारी. सोमवारी. काल. तेच शब्द. मध्ये एकदा घसा खाकरणं, तेही त्याच जागी.

काल तिनं मुद्दाम खोटंच सांगितलं, "काका, गुड्डी जिन्यावरून पडली. टाके पडलेत."

हा माणूस एरवी मिळेल त्या गाडीनं निघाला असता.

"जेवलो. बरा हाय. ठेव आता."

विजयेंद्र म्हणतो, वय झालं, ऐकू येत नसेल. रविवारी जाऊन येऊ म्हणतो. आज बुधवार आहे. पूर्णिमा तिकडच्या कुणालाच ओळखत नाही. गुड्डीला कालपासून पुन्हा ताप आहे, एकशे दोन. म्हणून तिनं मला हे लिहायला सांगितलं.

दुबलगुंडीत, किंवा जवळपास, कोणी हे वाचत असेल तर एवढं करा. पिठाच्या गिरणीसमोर निळं पत्र्याचं दार आहे. श्रीपतराव ड्रायव्हर म्हणून विचारलं तरी कुणीही दाखवेल. आजच जा. बरोबर कुणाला तरी न्या.

आणि दार वाजवल्यावर आतून "बरा हाय" असं ऐकू आलं... तरी परत फिरू नका.