बारा पावलांची फट

१९८८च्या जानेवारीत नीरजा पुण्याहून मालवणच्या कॉलेजात आली ती एक कॉम्प्युटर, नकाशा पसरायची टेबलाएवढी पाटी आणि आपोआप रेघा ओढणारा प्लॉटर घेऊन. प्राध्यापकांनी यंत्रावरचे नकाशे आपापल्या विषयात कसे वापरावेत, हे तिने आठवडाभर शिकवायचं होतं. शनिवारी प्राचार्यांसमोर यंत्राने एका गावाचं क्षेत्रफळ काढून दाखवलं की तिची हंगामी नोकरी कायम होणार होती. त्या एका कागदासाठी ती तीन वर्षं झुरत होती.

प्राध्यापकांना मात्र ती डोळ्यांसमोर नको होती. इतिहासवाले पहिल्याच दिवशी पाठ फिरवून बसले. भूगोलाचे वालावलकर सर वीस वर्षं मुलांना घेऊन उन्हातान्हात गावं मोजत हिंडलेले. त्यांनी यंत्राकडे असं पाहिलं, जसं कुणी त्यांच्या ताटात उष्टं वाढलंय. चहा सगळ्यांना आला, तिला आला नाही.

मंगळवारी वालावलकरांनी कातळवाडीचा हाताने काढलेला नकाशा पाटीवर टाकला. गाव कॉलेजपासून मैलभर. शिवेवरच्या शेवटच्या घरात, मथुराकाकींकडे, नीरजाने खोली घेतली होती. ती शिवेवरून पाटीला जोडलेलं भिंग फिरवत एकेक बिंदू यंत्रात टिपत गेली. खाडीजवळ रेघ तुटलेली होती. कपाटातून तिने मागच्या सगळ्या वर्षांचे नकाशे काढले. प्रत्येकात तिथेच फट होती, बारा पावलांची.

"इथे शीव का नाही?"

"ती तशीच ठेवायची," वालावलकर म्हणाले.

"रेघ जुळली नाही तर यंत्र क्षेत्रफळ देत नाही, सर."

"मग नाही द्यायचं."

बाकीच्यांनी मान वर केली नाही. नीरजाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बुधवारी दुपारी सगळे जेवायला गेल्यावर तिने शेवटचा बिंदू पहिल्यावर टेकवला आणि फट बुजवून टाकली. पडद्यावर आकडा उमटला, तेव्हा ती एकटीच हसली.

गुरुवारी सकाळी तिच्या खोलीत, मागच्या दाराशी, दोन ओली पावलं दिसली. अनवाणी, मोठी, खाडीच्या काळ्या वाळूची. कुणी पाणी मागायला डोकावला असेल, असं म्हणत तिने ती पुसली.

कॉलेजात जाऊन तिने नकाशा प्लॉटरवर काढला. खाडीजवळची रेघ जुळलेलीच होती. फट आता दुसरीकडे होती, शिवेवरच्या शेवटच्या घरावर.

"सर, हा पोरकटपणा कुणाचा?"

वालावलकरांनी कागद हातात घेतला, आणि इतके दिवस जपलेली त्यांची कॉलेजातली मराठी गळून पडली. "माका ह्यात घेव नकात. मी तुमच्या यंत्राक हात लावक नाय."

तिने तीही फट बुजवली.

शुक्रवारी सकाळी चार पावलं होती. मथुराकाकी परसात उभ्या होत्या. घर त्यांचंच, पण उंबऱ्याच्या आत येईनात.

"ती वाट तेची. तुमी बुजवलात," त्या म्हणाल्या. "आता तो खंयसून जातलो?"

"कोण तो?"

काकींनी पदर तोंडाला लावला आणि त्या विहिरीकडे निघून गेल्या. त्या दिवशी तिला जेवण मिळालं नाही.

नीरजा मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत चालली. बारा पावलं भरली. सहाव्या पावलाशी तिची खाट होती. आता मात्र तिला भीती वाटली, आणि ती तिने स्वतःपाशी कबूल केली. ती रात्र तिने कॉलेजच्या ग्रंथालयात बाकावर काढली.

शनिवारी सकाळी नकाशावर शेवटच्या घरावरची फट पुन्हा उघडी होती. प्राचार्य यायच्या आधी वालावलकर तिच्याजवळ आले. आठवड्यात पहिल्यांदाच आपणहून बोलायला.

"बाय गो, खाडीकडची उघड. आत्ताच्या आत्ता."

"मग क्षेत्रफळ कसं येईल?"

ते मागच्या खुर्चीवर जाऊन बसले.

नोकरीच्या कागदावर सही झाली की उघडू, असं तिने मनाशी ठरवलं आणि घरावरची रेघ जोडली. आकडा आला. प्राचार्यांनी मान डोलावली आणि कागदावर सही केली. वालावलकर खोलीतून उठून गेले होते.

खाडीकडची फट उघडायला तिने परत भिंग उचललं आणि वीज गेली. संध्याकाळपर्यंत येत नाही, शिपाई म्हणाला.

प्राचार्यांनी तिच्या हातात लिफाफा दिला. नोकरी कायम. यंत्र याच कॉलेजात राहील, आणि यंत्रासोबत तीही.

भर दुपारी ती सामान आणायला कातळवाडीला गेली. वाटेत तिच्याशी कुणी बोललं नाही. एका बाईने तिला पाहून दार लावून घेतलं. मथुराकाकी पिंगुळीला भावाकडे निघून गेल्या होत्या. किल्ली खिडकीत होती.

तिने पुढचं दार उघडलं.

खाटेची सुतळी मधोमध भिजून खाली वाकलेली होती.

मागच्या दारापासून खाटेपर्यंत सहा ओली पावलं आत आली होती. बाहेर गेलेलं एकही नव्हतं.