पंख्याची जागा

सकाळी दहाला जाऊन एक सही करून परतायचं, एवढंच काम होतं. निवृत्त इंजिनिअरसाहेब दोन्ही चष्मे खिशात टाकून, गॅस बंद केल्याची तीनदा खात्री करून विमानतळाच्या हँगरवर पोहोचले. पंख्यांचं ते छोटं प्रवासी विमान तीस वर्षांपूर्वी त्यांनीच आखलं होतं. आता त्याच विमानाचे पंखे उतरवून जेट इंजिनं बसवली होती. उद्या पहिले प्रवासी चढणार होते आणि विमान चालवणार होती साहेबांची मुलगी.

सही हवी होती ती जमिनीवरच्या धोक्याच्या नकाशावर. पूर्वी पंखा फिरायचा तिथे विमानाच्या अंगावर लाल पट्टा असे. म्हणजे इथून जाऊ नका, वळसा घाला. नव्या नकाशात पट्टा नव्हता. पंखाच नाही, तर पट्टा कशाला?

साहेब शेपटीकडून पुढच्या दाराकडे निघाले आणि त्या जागी पाय आपोआप बाहेर वळले.

"काका, पंखे काढून वर्ष झालं," शिडीवरचा रंगारी हसला. "आता काय हवेला घाबरता?"

"सवय रे. या वयात तेवढीच काय ती शाबूत आहे."

बोलता बोलता ते थांबले. हँगरची दारं बंद होती, तरी गालाला वारा लागत होता. सलग नाही... तुकड्यातुकड्यांनी, कोणी हलक्या थापा माराव्यात तसा. त्याला जळक्या ग्रीसचा वास होता. कानात घरघर सुरू झाली. कान तर चार वर्षांपासून वाजतच होते. डॉक्टरांनी वयावर खापर फोडलं होतं. पण ही घरघर एक पाऊल मागे घेतलं की थांबे, पुढे टाकलं की सुरू होई. साहेबांनी सात वेळा पुढेमागे करून पाहिलं.

पहिल्या वर्षी एक वायरमन इथूनच सरळ गेला होता, फिरत्या पंख्यात. 'पट्टा पुरेसा ठळक आहे' या कागदावर साहेबांचीच सही होती.

"बाबा, इथेच सही करून टाका. वरचे अधिकारी खोळंबलेत!" मुलगी कागद घेऊन विमानाच्या नाकाकडून सरळ येत होती.

"थांब!"

लहानपणी तिला इथे आणताना त्यांनी एकच शिस्त लावली होती: थांब म्हटलं की पाय असेल तिथेच. ती थांबली.

"बाबा... इथे काहीही नाहीये. हे बघा." तिने कागद पुढे धरला.

"हात मागे घे... हळू..."

"अहो, पण..."

टक्.

नख कापल्याएवढाच आवाज. कागदाचा खालचा भाग, सहीची जागा असलेला, नाहीसा झाला. कड वस्तऱ्याने कापावी तशी सरळ. तिच्या अंगठ्याच्या नखाचं टोकही गेलं होतं. रक्त मात्र नव्हतं.

"बाबा... हे काय होतं?"

"मागे हो. आणि लांबून वळसा घालून ये."

तुकडा जमिनीवर कुठेच सापडला नाही.

साहेबांना आयुष्यभर स्वतःच्या प्रत्येक आकड्याची शंका येत आली होती. आज ती आली नाही. "पट्टा परत आल्याशिवाय सही नाही. वरच्यांना काय ओरडायचं ते ओरडू दे." त्यांनी रंगाऱ्याचा ब्रश मागून घेतला. कडा वाकड्या झाल्या, पण पट्टा त्यांनी खाली जमिनीपर्यंत ओढला, पूर्वीपेक्षा वीतभर रुंद.

तेवढ्यात आत झाडणाऱ्या मावशी विमानाच्या दारात आल्या. "साहेब, सहाव्या ओळीच्या खिडकीत कागद अडकलाय. दिसतोय, पण निघत नाही."

साहेब वर गेले. कापल्या गेलेल्या कागदाची ती पट्टी खिडकीच्या दोन काचांच्या मधे होती. काचा जागच्या जागी, सील शाबूत. पट्टीवर त्यांनी न केलेली त्यांचीच सही होती, शेवटच्या अक्षराच्या लांब शेपटीसकट. खाली तारीख होती... उद्याची.

ते खाली उतरले. मुलगी वाट पाहत होती.

"आता घरी चला, बाबा."

"तू जा. मला एक खुर्ची दे. उद्या शेवटचा माणूस वळसा घालून चढेपर्यंत मी इथून हलत नाही."

खुर्ची त्यांनी ओल्या पट्ट्यापासून चांगली दोन हात लांब मांडली. बसले. क्षणभराने गालाला वारा लागला, तुकड्यातुकड्यांनी.

साहेबांनी खुर्ची आणखी हातभर मागे सरकवली आणि बसून राहिले.