बाटलीतली गुराब

"रेशमाचा धागा मिळेल का? केसासारखा बारीक... पण तुटता कामा नये."

नूरबानोनं मागावरून मान वर केली. दारात एक उंच तरुण उभा होता आणि त्याच्या हातात औषधाची मोठी, रिकामी बाटली होती. बाटली घेऊन कुणी धागा मागायला येतं?

१९३४ सालची थंडी होती. नाशकात चौक मंडईच्या मागे बद्रुद्दीन विणकरांचे दोन माग होते. एकावर ते स्वतः बसत, दुसऱ्यावर त्यांची मुलगी नूरबानो. कोपऱ्यात खातूनबी खाला कांड्यांवर धागा भरायची. तिचे हात रेशमावर असत आणि डोळे भाचीवर.

"धागा कशाला हवा?" अब्बांनी विचारलं.

"जहाज उभं करायला," तो संकोचून म्हणाला. "या बाटलीत."

त्याचं नाव सलाउद्दीन. जवळच्याच कथडा मोहल्ल्यातल्या सुताराचा मुलगा, मुंबईच्या गोदीत जहाजांची लाकडं बसवायचा, रजेवर घरी आला होता. त्याच्या पणजोबांनी मराठ्यांच्या आरमारासाठी गुराबी बांधल्या होत्या — तीन डोलकाठ्यांची लढाऊ जहाजं. त्यातली एकही आता उरली नव्हती. म्हणून तो सागाच्या तुकड्यातून एक कोरत होता, करंगळीएवढी. त्यानं रुमाल उलगडून दाखवली. कडेला मोहरीएवढ्या तोफासुद्धा होत्या!

"डोलकाठ्या आडव्या निजवून आत ढकलायचं. मग बाहेरून धागे ओढले, की त्या उभ्या राहतात," तो म्हणाला. "पण माझी गाठ जाड होते. भोकात अडकते."

नूरबानोनं दोन तुटके धागे घेतले, चिमटीत फिरवले... झालं. गाठ दिसेचना.

"ही मागाच्या फणीतूनसुद्धा निसटते," ती म्हणाली.

"पुन्हा दाखवाल?"

तिनं दाखवली.

"पुन्हा एकदा?"

"कळत नाहीये का तुम्हाला?"

"कळली. पहिल्यांदाच कळली."

खाला मोठ्यानं खाकरली.

दुसऱ्या दिवशी तो आला, तो मागाची पायाखालची मोडकी पावडी दुरुस्त करायला. तिसऱ्या दिवशी पावडी ठीक चालतेय ना, ते बघायला. चौथ्या दिवशी त्याला कारण सुचलं नाही, तरी आला. अंगणात बसून तो शिडं कातरायचा, नूरबानो गाठी मारून द्यायची. एकदा त्यानं विचारलं, "कंटाळा नाही येत?" ती म्हणाली, "मागावर आठ दिवसांनी हातभर कापड दिसतं. इथं तर रोज काहीतरी नवं उगवतंय..." आणि मग आपण फार बोललो असं वाटून पुढची गाठ मारू लागली.

"शुक्रवारी मालेगावचे पाहुणे यायचेत," एका सकाळी खालानं मुद्दाम सांगितलं. "आमच्या नूरला बघायला."

सलाउद्दीनची कात्री थांबली. त्याची रजा गुरुवारी संपत होती.

"मग... बुधवारी जहाज आत घालू," एवढंच तो म्हणाला.

बुधवारी दुपारी अंगणात ऊन होतं. खिडकीच्या काचा बसवायच्या लांबीला निळा रंग देऊन त्यानं बाटलीच्या तळाशी समुद्र केला होता. गुराब आत गेली तेव्हा काड्यांची जुडी दिसत होती नुसती. त्यानं पहिला धागा ओढला. एक डोलकाठी उठली. मग दुसरी. तिसरी अर्ध्यावर अडली. त्यानं जोर केला —

"ओढू नका!" नूरबानो पुढे आली. "ताण सोडा आधी. द्या इकडे."

त्यानं धागा तिच्या हातात दिला. तिनं डोळे मिटले, धागा सैल सोडला, किंचित डावीकडे नेला आणि हलकेच खेचला. तिसरी डोलकाठी उभी राहिली. नखाएवढी पांढरी शिडं एकामागून एक उलगडत गेली...

अब्बा मागावरून कधी उठून आले, कळलंही नाही. "या अल्लाह," ते पुटपुटले. एवढ्याशा तोंडातून गेलेलं जहाज आत सगळ्या शिडांनिशी उभं होतं. आपल्याच हातांनी उभं केलं, तरी नूरबानोला ते खरं वाटेना. श्वास सोडला तर मोडेल, अशा भीतीनं ती बघत राहिली.

"समुद्र असाच निळा असतो?" तिनं हळूच विचारलं.

"छे! सकाळी राखाडी, उन्हात हिरवट... संध्याकाळचं तर सांगताच येत नाही. तो बघावाच लागतो."

"मग... कुणीतरी दाखवायला हवा."

सलाउद्दीननं बाटली जपून खाली ठेवली. तो अब्बांकडे वळला. "चाचा, मी... माझ्या वडिलांना तुमच्याकडे पाठवू का? आज?"

अब्बा मुलीकडे वळले. "बेटी, शुक्रवारचं काय करायचं?"

या बाबतीत तिला कुणी विचारण्याची ही पहिलीच वेळ होती. तिनं ओढणी सावरली.

"त्यांना येऊ नका म्हणावं, अब्बा. मला समुद्र बघायचाय. यांच्याबरोबर."

खालाच्या हातातली कांडी घरंगळत गेली. "पोरीला तोंड आहे म्हणायचं!" ती म्हणाली आणि पदराआड हसली.

"पाठवू का काय विचारतोस?" अब्बा सलाउद्दीनवर ओरडले. "चार गल्ल्यांवर तर घर तुझं. घेऊन ये आत्ता!"

तो धावतच सुटला, अनवाणी. नूरबानोनं दारातल्या त्याच्या चपला उचलल्या आणि आत अब्बांच्या चपलांशेजारी नीट ठेवल्या.