चैतूच्या गळ्याची गाठ

कुरखेड्यापलीकडच्या जंगलगावात चैतू मेला आणि तिसऱ्या दिवशी गावाने त्याची बायको दिव्या हिला दोषी ठरवूनही टाकलं. तिच्या हातचा चहा पिऊन तो घटकाभरात गेला, एवढं गावाला पुरे होतं. संध्याकाळी पंच बसणार आणि तिला गावाबाहेर काढणार. म्हणून तिच्या भावाने चंद्रपूरच्या खासगी तपासनीस नीलिमाबाईंना बोलावलं. सोबत मदतनीस देवराव. माणूस भला, पण पहिला संशय त्यांना नेहमी खरा वाटे.

"चहात काय होतं?" देवरावांनी तोफ डागलीच.

"साखर, पत्ती. मी बी तोच पेली," दिव्या म्हणाली. "त्यांच्या अंगाले खाज सुटली, चट्टे उठले, म्हणून तर चहा देल्ला. मंग दम कोंडला. त्यांच्या गळ्यातला दुपट्टा ओला होता, पण चहा सांडला नव्हता."

"त्याच्या गळ्यावर गाठ होती, असं तुझा भाऊ म्हणाला. तिचं काय?" नीलिमाबाईंनी विचारलं.

"लिंबाएवढी होती. मयताले आंघोळ घालताना पाह्यलं, तं बसून गेली होती."

गावच्या दवाखान्यातला कंपाउंडर अंकुश म्हणाला, "थायरॉइडमंधी पाण्याची गाठ होती, बाई. नागपूरले ऑपरेशन ठरलं होतं, पण तो लय भ्यायचा. गाठीले सुई लावू नका म्हणून डॉक्टरनं बजावलं होतं. मी हातबी लावला नाई."

चैतूचा धाकटा भाऊ कोलू पाहुण्यांसाठी बकरा सोलत होता. कलेजीवर पाण्याचा फोड होता. त्याने बाभळीच्या काट्याने तो टोचला, पाणी काढलं आणि फोडाची साल कुत्र्यांपुढे फेकली.

"नेहमी असंच करता?"

"हो बाई. पाणी गेलं का कलेजी चांगली."

"चहाच्या आधी चैतू कुठे होता?"

"परसात. माह्यासंगं."

संध्याकाळी पंचांसमोर नीलिमाबाई उभ्या राहिल्या. "खाज चहाच्या आधी सुटली, म्हणजे चहा निर्दोष. गाठ बसली, दुपट्टा भिजला, म्हणजे गाठ कोणी तरी फोडली. ती गाठ म्हणजे बकऱ्याच्या कलेजीतलाच रोग. कुत्रे ते फोड खातात, त्यांच्या विष्ठेतून किड्याची अंडी माणसाच्या पोटात जातात, आणि क्वचित गळ्यात गाठ धरते. तिचं पाणी आत पसरलं की काहींचं शरीर असं उसळतं की श्वासच बंद होतो. परसात चैतूसोबत एकच माणूस होता, असे फोड रोज काट्याने फोडणारा."

देवरावांनी मान खाली घातली.

कोलू पुढे आला. "दादा ऑपरेशनले भेत होता. गाठीतलं पाणी तूच काढ म्हणे. मले वाटलं, पाणीच तं आहे. वैनी, माफ कर."



"तुह्या हातून झालं, ते मी समजू शकते," दिव्या म्हणाली. "पण तीन दिवस तू गप राह्यला. मले माह्या माणसासाठी रडू बी देल्लं नाई रे कोणी."

आणि मग ती सगळ्यांसमोर रडू लागली.