तळच्या थरातलं खापर

"जरा लांबून जाल का? कड ढासळली, तर अख्खा यादवांचा काळ माझ्या डोक्यावर येईल."

डोक्यावर पेंढ्याचा भारा सावरत मी खाली पाहिलं. चौकोनी खड्ड्यात एक मातीने माखलेला तरुण बसला होता.

"वाट आमची हाय," मी म्हटलं. "यादवांना सांगा बाजूला व्हायला."

तो हसला. आणि मी, मिठागरातली पोर, त्या संध्याकाळी आमटीत मीठ घालायला विसरले.

दिनानाथ रोह्याचा. पुण्यात पुरातत्त्व शिकत होता. पेणच्या खाडीकाठी आमच्या गावात त्याच्या सरांचं खोदकाम चाललं होतं, तिथे मी खापरं धुवायला रोजावर लागले. तो शेजारी बसून सांगायचा... वरचा थर नवा, खालचा जुना. वर यादव, खाली शिलाहार, त्याखाली सातवाहन मिळायला हवेत. नुसत्या खापरावरून काळ ठरत नाही; ते कुठल्या थरात, कशाशेजारी पडलं होतं, तेही बघावं लागतं.

"मग माजं वय सांगा बघू."

"शेजारचे पुरावे बघावे लागतील... घरी येऊन."

"या की. आय चहा पाजंल. भाऊ काय पाजंल, ठावं नाय."

घरात हसण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी उधाणात खाडीचा बांध फुटून खांड गेली. ती बुजवायला धावलेले आबा दुसऱ्या दिवशी गाळात सापडले. बांध खचलाय, असा अर्ज त्यांनी कचेरीत आधीच दिला होता. कचेरीने त्यावर नंतरची तारीख मारली. कागद बघाल, तर माझ्या बापाने मेल्यावर अर्ज दिला.

फाल्गुनात शिलाहारांखाली नुसता गाळ लागला. सातवाहनांचं काहीच नाही, म्हणून सरांनी काम बंद करायचं ठरवलं. माझा रोज येत होता तोवर भावाला लग्नाची घाई नव्हती. आता त्याने धाटावच्या कंपनीत शिफ्टला जाणारा एक पाहून ठेवला.

शेवटच्या दुपारी दिनानाथने मला तळच्या थराची पाटी दाखवली. तीत एक लाल, गुळगुळीत खापर होतं.

"सातवाहनांचं आहे. दुसरीकडे मिळालेलं... मी इथे ठेवलंय. आता पुढच्या वर्षीही काम चालेल. तोवर मला नोकरी लागेल, आणि मी तुला मागणी घालीन."

माझ्यासाठी कुणी एवढं केलं नव्हतं. मला रडू आलं. आणि लगेच गाळाने भरलेला आबांचा चेहरा आठवला.

"काढा ते."

"कुणाला कळणार नाही, सगुणा."

"आमच्या आबांचं पन कुनाला कळलं नाय."

त्याने खापर उचललं. मग तो सरांच्या तंबूत गेला आणि सगळं सांगून आला. सरांनी त्याला पुढच्या कामातून काढलं. कॉलेजात त्यांच्या हाताखाली लागणारी नोकरीही गेली.

"रागावलीस?"

"नाय वो... जीव हाय माजा तुमच्यावर."

दुसऱ्या दिवशी तो खरंच घरी आला. आईने चहा ठेवला. भावाने एकच विचारलं, "नोकरीचं काय?"

मी दाराआड उभी होते. आयुष्यात पहिल्यांदा मनात म्हटलं, खोटं बोला.

"नाही," दिनानाथ म्हणाला. "लागणार होती, ती गेली."

वैशाखात मी धाटावला नांदायला गेले.