शेजारची निळी टोपी

मुलांच्या त्या दवाखान्यात तळघरातली प्रयोगशाळा सहसा कुणाला सापडत नसे, आणि ज्यांना सापडे ते बहुतेक वेळा कॅन्टीन शोधत आलेले असत. डॉक्टरीणबाईंना त्याचं काही वाटत नसे. वर रडारड, धावपळ, आयांचे प्रश्न. खाली फक्त जंतू. जंतू प्रश्न विचारत नाहीत, असं त्या म्हणायच्या. त्यांना स्वतःला मात्र प्रश्नांची भारी खोड होती. एखादी गोष्ट का झाली हे कळेपर्यंत त्यांना जेवण गोड लागत नसे.

त्यांच्या तंत्रज्ञ काकू निवृत्तीला आल्या होत्या, आणि तिथली बोली सगळी काकूंनीच घडवलेली. बशीतल्या खाद्यावर जंतू पसरायचा म्हणजे ‘ताट वाढायचं’. काम संपलेल्या बशा वाफेत मारून टाकणारं यंत्र म्हणजे ‘कुकर’. दुर्मिळ जंतू पुढेमागे लागला तर असावा म्हणून बोटाच्या पेराएवढ्या कुपीत भरून फ्रीजरमध्ये ठेवला की तो ‘झोपवला’, आणि तिथून खरवडून पुन्हा ताटावर घेतला की ‘उठवला’. कुपीचं झाकण म्हणजे ‘टोपी’. बाहेरच्या कुणी ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, इथे पाळणाघर चालतं.

अशात वरच्या वॉर्डात एक मुलगी आली. अजून तीन वर्षांचीही नव्हती. एका जागी टिकत नाही म्हणून घरात सगळे तिला भिंगरी म्हणत. ताप, उलट्या, ताठ मान, मग झटका. पाठीतलं पाणी काढलं तर ते गढूळ निघालं. डॉक्टरीणबाईंनी ताट वाढलं आणि दुसऱ्या दिवशी बशीचं झाकण जरा उचलून हुंगलं. असं करायला सक्त मनाई असते आणि जुने लोक सगळे करतात. ओल्या खडूसारखा वास आला. जंतू मातीत, साचलेल्या पाण्यात राहणारा. लहान मुलाच्या मेंदूच्या आवरणात तो सापडावा असं पुस्तकात क्वचित कुठेतरी तळटीप म्हणून लिहिलेलं. त्याचं नाव घेताना जीभ चारदा वळवावी लागे, म्हणून काकूंनी त्याला ‘पाहुणी’ म्हणायला सुरुवात केली.

पाहुणीला कुठलं औषध लागू पडतं ते खालून कळवलं, वर ते सुरू झालं. ताप उतरला. पोरगी आईकडे बघून हसलीसुद्धा. काकूंनी मग नेहमीप्रमाणे पाहुणीला लाल टोपीच्या कुपीत झोपवलं आणि बशा कुकरमध्ये टाकल्या.

फ्रीजरमधल्या डब्यात चौकोन चौकोन असतात, एकेका कुपीला एकेक. लाल टोपीच्या शेजारच्या चौकोनात एक जुनी निळी टोपी होती. निळ्या टोप्या यायच्या बंद होऊन जमाना झाला होता, पण ही कुणाची ते डॉक्टरीणबाईंना लेबल न वाचता ठाऊक होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका मुलाच्या मेंदूतल्या गळवातून हा जंतू निघाला होता. मुलगा नुकता बोलायला लागलेला. जंतू ओळखून त्या वर गेल्या तोवर मुलगा गेला होता. त्याची आई आदल्या दिवशी वाट चुकत खाली प्रयोगशाळेपर्यंत आली होती आणि दारातल्या बाकावर संध्याकाळपर्यंत बसून राहिली होती. ‘उठेल ना तो?’ एवढंच विचारत होती. त्यानंतर डॉक्टरीणबाईंनी ते बाकच तिथून हलवायला लावलं होतं.

“चला, शेजार मिळाला बिचाऱ्याला,” काकू डबा बंद करताना म्हणाल्या.

त्याच दुपारी भिंगरी झोपली, आणि उठेचना.

वॉर्डातले डॉक्टर म्हणजे डॉक्टरीणबाईंचे कॉलेजातले सोबती. ते स्वतः जिना उतरून आले तेव्हाच प्रकरण साधं नाही हे बाईंनी ओळखलं.

“पाणी स्वच्छ आलंय गं. डोक्याचा फोटो स्वच्छ. ताप नाही, झटके नाहीत. नुसती झोपलीय. चिमटा काढला तरी हूं की चूं नाही.” ते स्टुलावर टेकले. “तिची आई माझ्याकडे अशी बघते की मला वॉर्डात जाववत नाही. तो जंतू परत उठव ना. अजून दोन औषधं लावून बघू.”

काकूंनी पाहुणीला उठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ताटावर ठिपके दिसू लागले, ओल्या खडूचा वास आला आणि फोन वाजला.

“उठली!” वॉर्डातले डॉक्टर ओरडतच होते. “डोळे उघडले आणि बूट मागितला. एकच. डावा!”

“नवीन औषध कुठलं दिलंस?”

“दिलंच नाही अजून. तुझ्या रिपोर्टची वाट बघत होतो.”

रिपोर्ट गेला, बशा कुकरमध्ये गेल्या. दुपारी आईच्या मांडीवर खेळता खेळता भिंगरी झोपली. पुन्हा तीच झोप.

योगायोग, डॉक्टरीणबाईंनी स्वतःला बजावलं. दोनदा झाला म्हणून काय झालं? पण त्यांचा घास घशाखाली उतरेना. कुणाला काही न सांगता त्यांनी स्वतःच्या हाताने लाल टोपी उघडली, खरवडली, ताट वाढलं. सकाळी ठिपके दिसले तशा त्या फोनची वाट न बघता वर गेल्या.

भिंगरी खाटेवर बसून पाव कुरतडत होती. आईच्या डोळ्यांत झोप नव्हती, पण चेहऱ्यावर हसू होतं.

“डॉक्टर, काय काय बडबडतेय बघा ना. स्वप्न पडलं असेल.”

“काय गं भिंगरे? काय बघितलंस?”

“थंडी होती,” भिंगरी म्हणाली. “अंधार. चौकोन चौकोन घरं.” तिने पावाचा तुकडा डोक्यावर ठेवून दाखवला. “माझी टोपी लाल.”

आई हसली. “लाल टोपी आहे कुठे हिच्याकडे!”

डॉक्टरीणबाई जिना उतरल्या तेव्हा, खोटं कशाला बोला, त्यांना भीतीपेक्षा उत्सुकता जास्त होती. बशी कुकरमध्ये टाकायची, दुपारपर्यंत थांबायचं, मग पुन्हा उठवायचं. एकदाच. खात्री होईल. इतकी सरळ परीक्षा आयुष्यात कुणाच्या वाट्याला येते? त्यांनी बशी हातात घेतली, कुकरचं झाकण उघडलं.

मग त्यांना तो डावा बूट आठवला.

त्यांनी झाकण लावून टाकलं. बशी जंतू वाढवायच्या उबेच्या कपाटात परत ठेवली आणि त्यावर ठळक लिहिलं, ‘टाकू नये’.

“का?” काकूंनी विचारलं.

“मी म्हणते म्हणून.”

“मग काय, जन्मभर वाढत बसायचं हिला?”

“हो.”

काकूंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं आणि नव्या बशा काढायला घेतल्या. तेव्हापासून पाहुणीचं ताट नेमाने बदलत राहिलं. सुट्टीतही डॉक्टरीणबाई येऊन वाढून जात. भिंगरी घरी गेली, धावू लागली, पडून गुडघे फोडून घेऊ लागली.

पुढे एकदा तपासणीला आली तेव्हा तिची आई तिला घेऊन खाली आली. “तुम्हीच शोधलंत म्हणे,” ती म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढले. त्यांनी भिंगरीला उचलून कडेवर घेतलं. काकू टेबलावर रिकाम्या बशांची चळत लावत होत्या.

“माझं ताट वाढलं?” भिंगरीने विचारलं.

काकूंचा हात थांबला.

“वाढलं,” डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या.

“निळ्या टोपीचं कधी?”

“कुणाचं?”

“तो बाळ. माझ्या शेजारी असतो ना.” भिंगरी त्यांच्या खिशातलं पेन काढायच्या खटपटीत होती. “तो सारखं विचारतो.”

“काय विचारतो?”

“आई बाकावर आहे का.”

डॉक्टरीणबाईंनी दाराकडे बघितलं. तिथे बाक नव्हतं. भिंगरीच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून नव्हतं.

“कुठून काय काढेल, नेम नाही!” आई हसून म्हणाली आणि तिने मुलीला आपल्याकडे घेतलं.

“सगळेच बोलतात,” भिंगरी आईच्या खांद्यावरून म्हणाली. “तुम्ही दार उघडलं की गप्प बसतात.”

त्या दोघी गेल्या. जिन्यावर बुटांचा आवाज येत राहिला, मग तोही थांबला.

“काकू, एक ताट जास्तीचं काढा.”

काकूंनी चळतीतली वरची बशी काढून पुढे ठेवली.

डॉक्टरीणबाई फ्रीजरपुढे उभ्या राहिल्या. आतून घरघर ऐकू येत होती, नोकरीच्या पहिल्या दिवसापासून ऐकत आल्या होत्या तशीच. जुनी मोटार. त्यांनी दाराला कान लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

मग कडी ओढली.

थंड वाफ पायांवर आली आणि घरघर थांबली. डब्यांच्या रांगा, त्यांवर बर्फाचा पांढरा थर.

मोटार चालूच होती. तिचा आवाज अगदी बारीक होता.