मागून कोणी हाणलं?

दवाखान्याच्या व्यायामाच्या खोलीत आधाराचा दांडा एकच होता. एका टोकाला बिडकीनची सुगंधा टाचा उचलत होती, दुसऱ्या टोकाला वाळूजच्या कारखान्यातला बद्रीनाथ येऊन उभा राहिला. दोघांच्याही टाचेमागची शीर तुटलेली, डॉक्टरांनी टोकं ओढून शिवलेली, प्लास्टर नुकतंच निघालेलं.

"कशानं तुटली?" त्यानं विचारलं.

"खो-खोत. वाटलं, मागून कोणी दगडच हाणला. वळून पाहिलं तर… कोणीच नाय."

"मीबी वळलो व्हतो. शिवी द्यायला."

सुगंधा हसली, दांडा सुटला, पडता पडता वाचली. पुढं टाच चांगली उचलायला लागली तरी तिनं येणं काही सोडलं नाही. वळताना घाई नको, आधी धड पाय टाकायचा, असं त्यानं शिकवावं आणि तिनं मुद्दाम चुकावं.

मग बद्रीनं मध्यस्थाकरवी घरच्यांना तिचं स्थळ सुचवलं. ओळख मात्र सांगितली नाही, कारण त्याच्या आत्यानं, मनकर्णाबाईंनी, पुतण्याचं ऑपरेशन सोयऱ्याधायऱ्यांपासून लपवलं होतं. सुगंधाच्या आईनंही लेकीचं तसंच झाकलेलं.

पाहायला आले तेव्हा आत्यानं बद्रीला घोळक्यात घालून आत आणलं, सतरंजीवर बसवलं. निघेपर्यंत उठायचं नाही, अशी ताकीद. ती दोघं अनोळखी असल्यासारखी जमिनीकडं बघत होती. नाव झालं, शिक्षण झालं.

"जरा चालून दाखव, बाई," आत्या म्हणाल्या.

आईचा चेहरा उतरला. पाय लचकला की स्थळ गेलं. सुगंधा भिंतीपर्यंत नीट गेली, वळली — आणि लचकलीच.

"वळताना घाई करू नको म्हणलं व्हतं ना!" बद्री बोलून गेला.

आत्यांची मान त्याच्याकडं वळली.

"कधी म्हणलं व्हतं?" आत्यानं विचारलं.

सुगंधानं तोंड भिंतीकडं केलं. आता संपलंच. तेवढ्यात मागं पाऊल वाजलं… एक नीट, एक ओढत. खाली बस म्हणून आत्या दटावत होत्या. पाऊल थांबलं ते तिच्या पाठीशीच.

आत्यांनी सुगंधाच्या आईकडं बघितलं. एकमेकींवर रागवायची सोयच उरली नव्हती. शेवटी त्यांनी चहा टाकायला सांगितलं, साखर जरा जास्त.

सुगंधा वळली. या खेपेला आधी धड पाय टाकून.

"काय बघतीस?" तो हळूच म्हणाला.

"काय नाय," ती म्हणाली. "या बारीला मागं कोणीतरी हाय."